‘कोलन बावीस त्र्याऐंशी’ : घरच्या सर्व्हरला दर्शनी पान

कुळागर

यंदा चवथीला घर भरलं होतं. जेवणं झाल्यावर आत्याला गेल्या वर्षीच्या माटोळीचे (गणपतीवर बांधतात ती फळाफुलांची चौकट) फोटो बघायचे होते. फोटो सगळे घरच्या सर्व्हरवर, इमिच नावाच्या फोटोंच्या अ‍ॅपमध्ये. मी मागच्या पडवीत पंगतीची भांडी आवरत होतो आणि तिथून ओरडून सांगत होतो, "एकशे ब्याण्णव टिंब एकशे अडुसष्ट टिंब एक टिंब वीस, मग कोलन, मग बावीस त्र्याऐंशी!" आतून आई म्हणाली, "देवाच्या कुडींत पाडे कित्याक म्हणटा रे?" शेवटी आत्याने व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलेले धुरकट फोटो बघितले आणि सगळे झोपायला गेले.

तीन वर्षं हौसेने घर बांधलं आणि दार ठेवायलाच विसरलो. हा धागा त्या दाराबद्दल.

आधी सामान सांगतो. मुलाने टाकून दिलेला जुना लॅपटॉप, आठ जीबी रॅम, एक एसएसडी, त्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि डॉकर, जो प्रत्येक अ‍ॅप वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये चालवतो. चौदा कंटेनर चालतात. फोटोंना इमिच, सिनेमांना जेलीफिन, बाबांनी कॅसेटवर धरून ठेवलेल्या भजनांना नॅव्हिड्रोम, कागदपत्रांना पेपरलेस, पासवर्डला व्हॉल्टवॉर्डन, कुळागरातल्या पंपाला होम असिस्टंट, जाहिराती गाळायला पाय-होल (हे एका रास्पबेरी पायवर, वेगळं), आणि काय चालू काय बंद ते बघायला अपटाइम कुमा. उरलेले सहा माझे खेळ.

प्रत्येकाचा पोर्ट, म्हणजे पत्त्यानंतर कोलन देऊन लिहायचा आकडा, वेगळा. २२८३, ८०९६, ४५३३, ८०००, ८१२३, ३००१. मला पाठ आहेत. घरात मी एकटाच असा आहे.

दर्शनी पानासाठी, म्हणजे सगळ्या अ‍ॅपच्या आणि नेहमीच्या दुव्यांच्या फरशा एका जागी लावणाऱ्या पानासाठी, गेल्या महिन्याभरात चार गोष्टी करून बघितल्या.

हाइमडाल: उभं करायला सोपं, सगळं माउसने होतं. पण मला ते मोबाइलच्या जुन्या मेनूसारखं वाटतं. कारण सांगता येणार नाही, डोळ्याला बसलं नाही इतकंच.

फ्लेम: दिसायला देखणं आणि हलकं. अ‍ॅप एकीकडे, बुकमार्क दुसरीकडे, हवे ते पहिल्या पानावर टाचायचे. भरणं-बदलणं तिथल्या तिथे, कुठली फाईल उघडावी लागत नाही. पण त्यात आता फार हालचाल दिसत नाही, म्हणून मन धजावलं नाही.

होमर: नुसतं स्थिर पान. एक यॅमल फाईल (साध्या मजकुरातली यादी) लिहायची, ब्राउझर ती वाचून फरशा मांडतो. मागे डेटाबेस नाही, काही नाही.

होमपेज (नाव असं ठेवलंय की शोधायला गेलं तर भलतंच सापडतं): हे मला सगळ्यात आवडलं. इमिचमध्ये फोटो किती, पाय-होलने आज किती अडवलं, डिस्क किती भरली, सगळं फरशीवरच दिसतं. हवामान ओपन-मेटिओवरून येतं, त्याला नोंदणी-किल्ली काही लागत नाही. फोंड्याचे अक्षांश-रेखांश १५.४० आणि ७४.०१ लिहिले की झालं.

म्हणून होमपेज लावलं. दोन रात्री बसून सजवलं. आईला दाखवलं. ती म्हणाली, "बरें दिसता. पूण फोटो खंय?"

फोटो तिच्या समोर होते. फक्त त्या फरशीवर ‘इमिच’ असं लिहिलं होतं.

आता विचारायचं ते. तुमच्या घरी हे पान कोण वापरतं, तुम्ही की बाकीचे? आणि एक तांत्रिक अडचण: पाय-होल घरातलं डीएनएसही (नावावरून पत्ता सांगणारी वही) सांभाळतं, त्यात या पानाचं नाव टाकलंय, माझ्या लॅपटॉपवर ते उघडतं, बायकोच्या फोनवर उघडतं, आईच्या फोनवर उघडत नाही. तिघांचं वायफाय एकच.

आगळ

वाचनखूण साठवली.

फ्लेमबद्दल थोडं. मी अजून तेच वापरतो. हालचाल नाही हे खरं, पण घरातल्या घरात चालणाऱ्या पानाला रोज नवीन काय हवं असतं? त्यात एक सोय बाकीच्यांत लवकर सापडत नाही: काही फरशा सगळ्यांना दिसतात, काही पासवर्ड दिल्यावरच. माझा पोर्टेनर (कंटेनर सांभाळायचं पान) मुलांना दिसत नाही, गाणी दिसतात. कंटेनरला लेबल लावलं की फरशी आपोआप उगवते, हेही छान.

आईच्या फोनचं बिमलीला विचारा, त्याचा प्रांत.

डोंगरवाट

नेहमीचा विघ्नसंतोषी प्रश्न विचारतो. ब्राउझरच्या बुकमार्क पट्टीने काय घोडं मारलंय? आणि पट्टी नको असेल तर दहा ओळींची एचटीएमएल फाईल. पाच दुवे, मोठी अक्षरं. त्यासाठी कंटेनर, यॅमल, लेबलं… मुंगी मारायला सुरुंग.

कुळागर

@डोंगरवाट, पट्टी प्रत्येक उपकरणावर वेगळी असते. आमच्या घरी फोन चार, टॅब एक, टीव्ही एक. एक पत्ता बदलला की सहा ठिकाणी फिरायचं. एचटीएमएल फाईलबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. होमर म्हणजे शेवटी तेच, फक्त जरा नीटनेटकं.

पारिजात_पणजी

मी या छंदातली नाही, छंदिष्टाची बायको आहे. म्हणून पलीकडून लिहिते.

आमच्याकडेही असं पान होतं. वर काळ्या पट्टीत प्रोसेसरचं तापमान, रॅम, नेट किती वेगाने येतंय जातंय. खाली बावीस चौकोन. त्यातले मला लागायचे तीन. बाकीचे एकोणीस ह्यांचे. म्हणजे घराच्या नावाखाली ह्यांचं टेबल मांडलेलं होतं आणि मी त्यावर माझं काम शोधायचं.

मी एका रविवारी कागद घेतला आणि आठवडाभर घरात कोण काय विचारतं ते लिहून काढलं. सासूबाई: "कालचं कीर्तन परत लावता येईल?" मुलगी: "शाळेच्या फॉर्मसाठी आधार कार्डाची प्रत कुठाय?" मी: "विजेचं बिल भरलं का?" कोणीही एकदाही कुठल्या प्रोग्रामचं नाव घेतलं नाही. मग ह्यांना तो कागद दिला आणि म्हटलं, फरशा या प्रश्नांच्या करा. आता ‘जेलीफिन’ नाही, ‘सिनेमा-कीर्तन’. ‘पेपरलेस’ नाही, ‘घरचे कागद’. ‘वीज बिल’ हा तर सरळ वीज खात्याच्या पानाचा दुवा आहे, आमच्या सर्व्हरशी त्याचा संबंधच नाही, पण सगळ्यात जास्त दाबला जातो तोच.

तुमच्या आईंनी तुम्हाला अर्धं उत्तर दिलेलंच आहे.

आगळ

+१ आणि वर आणखी एक.

डोंगरवाट

पारिजात, हे पटलं. सुरुंग मागे घेतो.

बिमली

आईचा फोन अँड्रॉइड असणार. सेटिंगमध्ये नेटवर्कखाली ‘प्रायव्हेट डीएनएस’ बघा. तिथे ‘ऑटोमॅटिक’ किंवा ‘बंद’ असेल तर ठीक. कोणीतरी तिथे एखादं नाव लिहून ठेवलं असेल तर फोन तुमच्या पाय-होलला विचारतच नाही, थेट बाहेरच्याला विचारतो. बाहेरच्याला तुमच्या घरातलं नाव कुठून माहीत?

ते नसेल तर दुसरा संशयित आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत (जुनी ती आयपीव्ही४). तुम्ही राउटरच्या डीएचसीपीमध्ये (उपकरणांना पत्ते वाटणारा भाग) पाय-होलचा पत्ता दिला, पण तो आयपीव्ही४चा. तोच राउटर आयपीव्ही६वरून स्वतःचा किंवा सेवा देणाऱ्या कंपनीचा डीएनएस परस्पर जाहीर करतो. काही फोन तो आधी धरतात. एकाच वायफायवर तीन फोन तीन तऱ्हेने वागतात ते यामुळे.

तिसरा, ब्राउझरमधलं ‘सिक्युअर डीएनएस’. तेही पाय-होलला वळसा घालतं.

आणि नाव काय ठेवलंय? शेवटी ‘लोकल’ असेल तर बदला. ‘डॉट लोकल’ हे मल्टिकास्ट डीएनएससाठी राखीव आहे, त्यावर कधी चालतं कधी नाही. घरातल्या जाळ्यासाठी ‘होम डॉट आर्पा’ २०१८ पासून अधिकृतपणे राखून ठेवलंय. ते रुक्ष वाटत असेल तर २०२४ मध्ये ‘डॉट इंटर्नल’ही खासगी वापरासाठी बाजूला काढलं.

कुळागर

बिमली, साष्टांग नमस्कार. प्रायव्हेट डीएनएसच होता! भाच्याने मे महिन्याच्या सुट्टीत आजीच्या फोनवरच्या जाहिराती बंद करून दिल्या होत्या. मी पाय-होल लावलं जाहिराती घालवायला, त्याने तेच काम फोनवर केलं, आणि दोघांनी मिळून आईचं दार बंद केलं.

नाव ‘लोकल’च होतं. बदलतोय.

नवखा_म्हापसा

बाळबोध प्रश्न आहे. पाय-होलमध्ये नाव लिहिताना शेवटी कोलन २२८३ लिहिलं तर ते घेत नाही. मग नावाने उघडलं तरी पोर्ट लिहावाच लागतो का?

बिमली

डीएनएस फक्त घर कुठे ते सांगतो, कुठल्या खोलीत जायचं ते नाही. नाव दिलं की पत्ता मिळतो, पोर्ट त्यात नसतो. त्यासाठी दारात एक माणूस बसवावा लागतो: रिव्हर्स प्रॉक्सी. एन्जिनएक्स प्रॉक्सी मॅनेजर घ्या (माउसने होतं) किंवा कॅडी (दोन-तीन ओळी लिहून होतं). सगळी नावं एकाच पत्त्याकडे वळवा. प्रॉक्सी ८० आणि ४४३ वर बसतो, ब्राउझरने कुठलं नाव मागितलं ते बघतो आणि आत योग्य पोर्टकडे पाठवतो. मग ‘फोटो’ नावाने फोटो, ‘गाणी’ नावाने गाणी.

एक बारीक खाच. एकच शब्द लिहून एंटर मारला तर ब्राउझर तो शोधायला नेतो. शब्दाच्या शेवटी तिरकी रेघ द्यायची, म्हणजे त्याला कळतं की हा पत्ता आहे.

नवखा_म्हापसा

धन्यवाद! मी सध्या राउटरवर पोर्ट उघडून होमपेज बाहेरूनही दिसेल असं केलंय, कामावरून बघता येतं. त्यातच हे बसवतो.

बिमली

थांबा. आधी तो पोर्ट बंद करा, मग पुढचं वाचा.

होमपेजला स्वतःचं लॉगिन नाही. होमरलाही नाही. म्हणजे तुमच्या घरात काय काय चालतं, कुठे चालतं, ही यादी कोणालाही वाचता येते. शिवाय होमर सगळं काम ब्राउझरमध्ये करतं. फरशीवर आकडे दिसावेत म्हणून तुम्ही त्याच्या फाईलमध्ये एखादी एपीआय किल्ली (अ‍ॅपकडून माहिती काढायचा गुप्त शब्द) लिहिली असेल तर ती पान उघडणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरपर्यंत जाते. होमपेज किल्ल्या आत सर्व्हरवरच ठेवतं, तेवढं ते शहाणं. पण दाराला कुलूप नाही ते नाहीच.

दुसरं, फरशा आपोआप उगवाव्यात म्हणून डॉकरचं सॉकेट, म्हणजे डॉकरला हुकूम द्यायची वाट, कंटेनरला जोडलंय ना? ते ज्याच्या हाती गेलं त्याच्या हाती पूर्ण मशीन गेलं. ‘मी फक्त वाचण्यापुरतं जोडलंय’ असं सगळे म्हणतात. त्याने फाईल बदलता येत नाही एवढंच. सॉकेटमधून हुकूम द्यायला काही अडत नाही. मध्ये सॉकेट प्रॉक्सी बसवा, टेक्नाटिवाचा बरेच जण वापरतात, त्यात कुठल्या प्रश्नांना उत्तर द्यायचं ते ठरवता येतं. नाहीतर फरशा हाताने लिहा. चौदा फरशांना अर्धा तास लागतो.

नवखा_म्हापसा

पोर्ट बंद केला. हात थरथरले जरा.

तारवटी

बाहेरून बघायचं असेल तर माझ्यासारखं करा. मी जहाजावर असतो, वर्षातले सहा-सात महिने. घरी बायको, बाबा आणि एक मिनी पीसी. घरचं कनेक्शन सीजीनॅटमागे आहे, म्हणजे पोर्ट उघडतो म्हटलं तरी उघडत नाही. एकाच सार्वजनिक पत्त्यामागे कितीतरी घरं. ओळखायची खूण: राउटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पानावर १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला तर तुम्हीही त्यात. मी टेलस्केल वापरतो, म्हणजे आपल्याच उपकरणांमधला खासगी बोगदा. आत वायरगार्ड आहे, दोन्ही बाजूंनी बाहेर जाऊन भेटतं, त्यामुळे सीजीनॅट आडवं येत नाही. जहाजावरच्या उपग्रहाच्या नेटवर होमपेज जड जातं, म्हणून माझ्यासाठी अपटाइम कुमाचं नुसतं हिरवं-तांबडं पान.

खरं लिहायचं होतं ते वेगळंच. गेल्या पावसात रात्री लाईट गेली, इन्व्हर्टर संपला, सगळं बसलं. लाईट आली, मशीन उठलं नाही. बायकोने दर्शनी पान उघडायचा प्रयत्न केला, कारण मी त्यावरच ‘काही बंद पडलं तर काय करायचं’ अशी फरशी करून ठेवली होती. आणि ते पान त्याच बंद पडलेल्या मशीनवर! विहिरीत पडलेल्याला सांगितल्यासारखं, दोरी आत ठेवलीय.

आता दर्शनी पान पाय-होलच्या शेजारी, छोट्या पायवर. स्थिर होमर, त्याला काही लागत नाही. आणि त्या फरशीत जे लिहिलं होतं ते कागदावर लिहून फ्रिजवर. मिनी पीसीच्या बायोसमध्ये ‘वीज परत आली की चालू हो’ हा पर्याय लावला, कंटेनरना ‘आपोआप परत उठ’. तेव्हापासून फ्रिजवरचा कागद कोणी वाचलेला नाही, तरी राहू दे.

कुळागर

तारवटी, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. माझं पानही लॅपटॉपवरच आहे. हलवतो.

डोंगरवाट

कुळागरराव, लॅपटॉप वर्षभर चार्जरवर ठेवून चालवताय का? बॅटरीकडे बघा एकदा. आमच्या एकाची फुगून टचपॅड वर आला होता. शंभर टक्के चार्ज आणि चोवीस तास उष्णता, दोन्ही एकत्र वाईट. लिनक्समध्ये बऱ्याच मॉडेलना चार्जिंगची वरची मर्यादा घालता येते, साठ-ऐंशीच्या मध्ये ठेवा. म्हणजे यूपीएसही झाला आणि बॉम्बही नाही.

कुळागर

लॅपटॉप उलटा केला. अजून सपाट आहे. ऐंशी लावली.

आगळ

अवांतर: पावसाळ्यात मशीन बंद करून ठेवू नका. चालू असतं तोवर स्वतःच्या उबेने कोरडं राहतं. मी एकदा जूनमध्ये बंद करून सप्टेंबरमध्ये उघडलं, यूएसबीच्या तोंडांना हिरवं आलं होतं. वीज किती खातं त्याची भीती असते लोकांना. पंधरा वॅटचा लॅपटॉप महिनाभर अखंड चालला तर जेमतेम अकरा युनिट. जुना डेस्कटॉप साठ वॅटचा असेल तर त्रेचाळीस, तिथे विचार करावा.

विजांचा कडकडाट सुरू झाला की मात्र प्लग काढा. फायबरची तार काचेची, तिच्यातून वीज येत नाही. पण फायबरच्या डब्याचा अडॅप्टर आणि तिथून निघणारी लॅनची तांब्याची तार, दोन्ही येतात त्या वाटेत.

अवांतराचं अवांतर: राउटरमध्ये पाल. नंतर कधीतरी.

जुनी_पाटी

वयाचा फायदा घेऊन थोडा इतिहास सांगतो. दर्शनी पान ही कल्पना नवीन नाही. आयगूगल आठवतं का कोणाला? २००५ साली आलं. एका पानावर बातम्या, हवामान, टपाल, घड्याळ, आपण हवं तसं मांडायचं. १ नोव्हेंबर २०१३ ला बंद. त्याच वर्षी १ जुलैला गूगल रीडर गेला, त्यात माझी दीडशे-दोनशे स्थळं होती. दुवे साठवायला डेलिशस होतं, ते याहूने घेतलं, मग या हातातून त्या हातात गेलं. त्यानंतर पॉकेटमध्ये साठवत बसलो. ८ जुलै २०२५ ला तेही बंद. दर वेळी निर्यात करून घ्यायची मुदत मिळते, दर वेळी आपण शेवटच्या आठवड्यात धावतो.

म्हणून मी या भानगडीत पडलो, फरशांच्या सौंदर्यासाठी नाही. दुवे माझ्या डिस्कवर हवेत.

आणि कुळागर, इथे तुमच्या धाग्यात एक गोष्ट मिसळतेय असं वाटतं. दर्शनी पान आणि बुकमार्कची कोठी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. फ्लेम, होमपेज, होमर यांत पंधरा-वीस दुवे शोभतात. माझ्याकडे हजारावर आहेत. ते फरशांवर लावले तर ती तेराव्याची यादी होते. त्यासाठी लिंकडिंग: एक छोटा कंटेनर, खुणा लावायच्या, शोधायचं, संपलं. पानाची प्रत ठेवायची असेल तर लिंकवॉर्डन किंवा काराकीप, ज्याचं आधीचं नाव होर्डर होतं. त्यात दुवा मेला तरी मजकूर राहतो. ब्राउझरमधून बुकमार्क निर्यात केले की एक एचटीएमएल फाईल मिळते, नेटस्केपच्या काळातला तो नमुना अजून जवळजवळ सगळे वाचतात. एवढी एक गोष्ट तेवढी टिकली.

कुळागर

जुनी पाटी, माझ्या ब्राउझरमध्ये अकराशे निघाले! काल रात्री चाळले. ‘नंतर वाचू’ म्हणून २०१७ पासून ठेवलेले. साधारण दर तिसरा मेलेला. सगळे लिंकडिंगमध्ये ओतले, दर्शनी पानावर फक्त आठवड्यातून एकदा तरी लागतात ते ठेवले: गोवा ऑनलाइन, जमिनीचे उतारे, वीज बिल, रेल्वे, मुलाच्या कॉलेजचं पान. पाच.

पारिजात_पणजी

पाचच? बघा, लागतं तेवढंच.

मांडवीकाठ

कागदांचा विषय निघालाय म्हणून. पेपरलेस मराठी वाचतं का? आमच्याकडे जमिनीचे एक-चौदाचे उतारे, घरपट्टीच्या पावत्या, आणि आजोबांचं पोर्तुगीज काळातलं खरेदीखत, सगळं एका पत्र्याच्या पेटीत आहे.

कुळागर

वाचतं, पण सांगावं लागतं. डॉकरच्या प्रतिमेत (अ‍ॅपचा तयार संच) इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश एवढ्याच भाषा आधीपासून असतात. मराठी आणि पोर्तुगीज कंपोज फाईलमध्ये (कंटेनर कसे चालवायचे ते लिहिलेली फाईल) वेगळ्या मागवायच्या, आणि वाचताना कुठल्या वापरायच्या तेही लिहायचं: ‘एमएआर’ अधिक ‘पीओआर’ अधिक ‘ईएनजी’. तिन्ही एकदम लावल्या की वेळ जास्त घेतं, माझा लॅपटॉप एका पानाला धापा टाकतो. टंकलिखित पोर्तुगीज बऱ्यापैकी वाचलं. हस्तलिखित खरेदीखतावर मात्र त्याने जे काढलं ते बघून बाबा पोट धरून हसले. हस्तलिखिताला शीर्षक आणि खुणा हाताने द्या. सापडण्याशी मतलब.

आणि पेटी जपून ठेवा. स्कॅन झाला म्हणून मूळ कागद अंगणात जाळू नका, आमच्याकडे एका काकांनी तो विचार बोलून दाखवला होता.

मांडवीकाठ

देव बरें करूं! पेटीला हात लावत नाही.

कुळागर

अरे देवा. आज सकाळी होमपेज उघडलं तर फरशा सगळ्या गायब, नुसता सांगाडा. मागे नोंदीत होस्ट तपासणी फसल्याचं लिहिलंय. काल रात्री काहीच बदललं नव्हतं. खरंच नव्हतं.

बिमली

तुम्ही नसेल बदललं, प्रतिमेला ‘लेटेस्ट’ लावून आपोआप अद्ययावत होण्यावर ठेवलं असणार. पूर्वीची आवृत्ती चालवत असाल तर एक-शून्यपासून नियम आलाय: कुठल्या नावाने पान उघडायचं ते आधी कळवावं लागतं. कंपोज फाईलमध्ये ‘होमपेज अलाउड होस्ट्स’ नावाचं सेटिंग आहे, त्यात तुमचं नाव लिहा. पत्ता-पोर्टनेही उघडत असाल तर तोही, स्वल्पविराम देऊन. प्रकाशन टिपेत आहे हे.

कुळागर

टीप मी वाचली नव्हती. लागलं. आणि ‘लेटेस्ट’ काढून ठरावीक आवृत्ती लिहिली.

तारवटी

आणखी एक बघून ठेवा. नेट बंद करून पान उघडा. होमपेजची चिन्हं सहसा बाहेरून, सीडीएनवरून येतात. आमचं नेट गेलं तेव्हा सर्व्हर घरात ठणठणीत, पान उघडलं, आणि सगळ्या फरशा बिनचेहऱ्याच्या. चिन्हांच्या फाईली उतरवून घरातच ठेवा, फार तर पाव तासाचं काम.

नवखा_म्हापसा

व्हॉल्टवॉर्डन नावाने उघडतंय पण लॉगिन होत नाही. सुरक्षित जोडणी हवी म्हणतंय. घरातल्या घरात प्रमाणपत्र कुठून आणू?

बिमली

त्याचं वेब पान एचटीटीपीएसशिवाय चालत नाही, ब्राउझर कूटलेखनाची साधनं साध्या जोडणीवर देतच नाही. दोन वाटा. कॅडी स्वतःचं प्रमाणपत्र बनवून देतो, पण मग घरातल्या प्रत्येक फोनवर त्याचं मूळ प्रमाणपत्र बसवत फिरा. किंवा स्वतःचं एखादं खरं डोमेन घ्या आणि लेट्स एन्क्रिप्टकडून डीएनएसच्या वाटेने प्रमाणपत्र काढा. त्यात पोर्ट उघडावा लागत नाही, डोमेनच्या नोंदीत एक ओळ टाकून मालकी सिद्ध होते, म्हणून सीजीनॅटमागेही चालतं. तारांकित, म्हणजे सगळ्या उपनावांना एकच चालणारं, प्रमाणपत्र काढा. प्रत्येक अ‍ॅपच्या नावाने वेगळं काढलंत तर ती नावं प्रमाणपत्रांच्या सार्वजनिक नोंदवहीत सगळ्यांना वाचता येतात. मी दुसऱ्या वाटेने गेलो.

कुळागर

शेवटची खबर देतो.

दोन पानं केली. एक माझं, होमपेज, त्यात सगळे आलेख आणि चौदाच्या चौदा फरशा. ते मी बघतो आणि मीच खूश होतो. दुसरं घरचं, होमर, पायवर. पारिजात ताईंच्या कागदाची युक्ती आमच्याकडे केली, फक्त आठवडा नाही, चार दिवस. फरशा सात: फोटो, भजनं, सिनेमा, घरचे कागद, पंप, वीज बिल, आणि ‘बंद पडलं तर’. यॅमलमध्ये मराठी सरळ लिहिता येतं. फक्त डावीकडची जागा टॅबने सोडली की ते रुसतं, स्पेसनेच सोडायची. यावर माझी एक संध्याकाळ गेली.

पानाचं नाव देवनागरीत ‘घर’ ठेवायचा मोह झाला होता. पण डीएनएसला देवनागरी थेट कळत नाही, ते पुनिकोडमध्ये ‘एक्सएन’ने सुरू होणारी अक्षरमाळ होऊन जातं. कशाला ती डोकेदुखी. रोमनमध्ये ठेवलं आणि आईच्या फोनच्या पडद्यावर त्याचं चिन्ह टाकलं. ती नाव लिहीतच नाही, चिन्ह दाबते.

पहिल्याच दिवशी तिने तक्रार केली की पंप पाचव्या जागी का. सकाळी साडेसहाला पोदेराचा भोंपू वाजतो, ती पाव घ्यायला बाहेर येते, तेव्हाच तिला पंप लावायचा असतो, आणि चष्मा आत असतो. पंप पहिला केला, फरशी दुप्पट मोठी केली, निळ्याची तांबडी केली.

पारिजात_पणजी

आणि फोटो?

कुळागर

फोटो दुसरे. आत्याला काल टेलस्केलवरून दुवा पाठवला. तिने माटोळीचे सगळे फोटो बघितले आणि विचारलं, त्यात ती स्वतः एकाही फोटोत कशी नाही.